कै. जमशेटजी टाटा : श्रमाची कदर जाणणारे धनी

मोठ्या इमारतीच्या कोनशिलेवर धन्याचें नांव कोरलेलें असतें. परंतु ज्यांनीं तिच्या विटा वाहिल्या, त्यांचीं नांवें कोठेंच आढळत नाहींत. उद्योगधंद्यांच्या इतिहासांतही बहुधा असेंच घडतें. हाताखालच्या माणसांच्या श्रमाची आठवण ठेवणारे धनी विरळा. अशा विरळा पुरुषांपैकीं एकाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

जमशेटजी टाटा हें नांव ऐकलें म्हणजे पोलादाचा कारखाना, बंगळूरची विज्ञानसंस्था व मुंबईचें ताजमहाल हॉटेल हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. यांपैकीं हॉटेल तेवढें त्यांच्या हयातींत, १९०३ सालीं, उघडलें. बाकीचीं दोन कार्यें त्यांच्या पश्चात् सिद्धीस गेलीं. धनी या नात्यानें त्यांची खरी परीक्षा झाली ती नागपुरास, आणि तीच हकीकत येथें मुख्यतः सांगावयाची आहे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजीं गुजराथेंतील नवसारी येथें एका पारशी उपाध्याय-कुळांत झाला. वडील नसरवानजी यांनीं उपाध्येपण सोडून मुंबईस व्यापार आरंभिला व मुलास एल्फिन्स्टन कॉलेजांत घातलें. १८५८ सालीं तेथील अभ्यासक्रम पुरा करून जमशेटजी वडिलांच्या पेढींत शिरले. १८६८ सालीं त्यांनीं २१,००० रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढिली. दुसऱ्याच वर्षीं चिंचपोकळी येथील बुडालेली तेलाची गिरणी विकत घेऊन तिची कापसाची गिरणी बनविली, व थोड्याच काळांत ती नफ्यानें विकली. मग विलायतेस जाऊन लँकेशायरमधील कापडधंद्याचा त्यांनीं बारकाईनें अभ्यास केला.

मुंबईस गिरण्यांची दाटी होत असतां जमशेटजींनीं नागपूर पसंत केलें. कापूस तेथें जवळच पिकत होता, आणि माल खपण्यास भोंवतालचा मुलूखही मोठा होता. १८७४ सालीं १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी निघाली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून काढण्यांत पैसा खर्ची पडूं लागला, तेव्हां एका सावकारानें, हा गृहस्थ जमिनींत सोनें पुरीत आहे, असें समजून कर्ज देण्याचें नाकारिलें. पुढें त्याच सावकारानें आपली चूक मोकळेपणानें कबूल केली, असें सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजीं गिरणी सुरू झाली. त्याच दिवशीं व्हिक्टोरिया राणीनें हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब धारण केल्यामुळें गिरणीस एम्प्रेस मिल हें नांव मिळालें.

माणूस पारखण्याची जमशेटजींची हातोटी प्रथमपासूनच दिसून येते. गिरणीच्या कारभारासाठीं त्यांनीं बेझनजी दादाभाई मेहता यांची निवड केली. बेझनजी रेल्वेच्या मालखात्यांत नोकरीस होते. कापडधंद्याचा त्यांस गंधही नव्हता. परंतु त्यांची सचोटी व कामाचा उरक जमशेटजींनीं हेरला होता. ती पारख किती अचूक होती, हें गिरणीच्या भरभराटीनेंच सिद्ध केलें.

तथापि खरी अडचण पुढेंच होती. नागपुराकडील मजुरांस घड्याळाच्या तालावर चालणाऱ्या कामाची संवय नव्हती. गरजेपुरते पैसे हातीं आले कीं ते घरीं बसत, आणि रोज अनेक साचे माणसांवांचून अडून राहत. अशा वेळीं दंड करणें, पगार कापणें किंवा कामावरून काढून टाकणें हे उपाय धन्यांच्या हातचे असतात. जमशेटजींनीं निराळा मार्ग धरिला. कामगार कामावर कां येत नाहीं, असें विचारण्यापूर्वीं त्यानें कां यावें, याचा त्यांनीं विचार केला.

प्रथम त्यांनीं कामाची जागा सुसह्य केली. नागपूरचा उन्हाळा प्रखर व हवा कोरडी. गिरणींत हवा खेळती राहावी व तींत ओलावा असावा म्हणून त्यांनीं यंत्रें बसविलीं. आगीपासून बचाव व्हावा म्हणून छतांतून पाणी शिंपडणाऱ्या नळ्यांची योजना केली. त्या काळीं या देशांत या सोयी नवीन होत्या. नंतर त्यांनीं कामगारांच्या कुटुंबांसह मेळावे व खेळांचे सामने सुरू केले आणि बक्षिसें वांटण्याचा प्रघात पाडिला. रोख रकमा, घड्याळें, सोन्याच्या सांखळ्या हीं त्या बक्षिसांत असत. ज्या माणसाकडे एरव्हीं कोणी ढुंकूनही पाहत नव्हतें, त्याचा सत्कार बायकामुलांच्या देखत होऊं लागला. सोन्याचें मोल सराफ करील. या मानाचें मोल कोण करणार?

पण नुसत्या समारंभावरच जमशेटजी थांबले असते, तर हें चरित्र लिहिण्याचें आम्हांस कारण पडलें नसतें. शाबासकी आज मिळते, उद्यां विसरली जाते. म्हातारपण व अपघात मात्र कोणास सोडीत नाहींत. म्हणून १८८६ सालीं त्यांनीं निवृत्तिवेतनाचा निधि स्थापिला आणि १८९५ पासून कामावर इजा झालेल्यांस भरपाई देण्यास आरंभ केला. अशा भरपाईचा कायदा या देशांत १९२३ सालीं, म्हणजे २८ वर्षांनीं झाला. कृतज्ञता धन्याच्या लहरीवर न ठेवतां तिला नियमाचें रूप देणें, हाच जमशेटजींचा खरा मोठेपणा होय.

येथें दुसरी बाजूही सांगणें न्यायाचें होईल. त्या काळीं गिरणीकामगारांचे दिवस फार कष्टाचे होते. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांस कायद्यानें मर्यादा घातली ती १९११ सालीं, आणि तीही दिवसाला १२ तासांची! सगळेच धनी जमशेटजी नव्हते. म्हणूनच मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून कामगारांस एकत्र करून आठवड्याची सुट्टी मागितली, व १८९० सालीं रविवारची सुट्टी पदरांत पाडून घेतली. धन्याचें औदार्य व कामगाराचा हक्क हे एकमेकांचे वैरी नव्हेत. परंतु पहिलें दुसऱ्याची जागा घेऊं शकत नाहीं, हें विसरतां कामा नये.

नागपुरास शिकलेला धडा जमशेटजी अखेरपर्यंत विसरले नाहींत. पोलादाच्या कारखान्याची जागाही ठरली नव्हती, तेव्हां, १९०२ सालीं, त्यांनीं पुत्र दोराबजी यांस पत्र लिहून कामगारांच्या नगराविषयीं सूचना केल्या. रस्ते रुंद असावे, छाया देणारीं झाडें लावावीं, बागा व खेळांचीं मैदानें असावींत, आणि देवळें, मशिदी व चर्चें यांसाठीं जागा राखून ठेवाव्या, असा त्यांचा आशय होता. १९ मे १९०४ रोजीं जर्मनींत नाउहाइम येथें त्यांचें देहावसान झालें. कारखाना त्यांस पाहावयास मिळाला नाहीं. परंतु १९१२ सालीं तेथें आठ तासांचा दिवस सुरू झाला, व १९१९ सालीं त्या नगरास जमशेदपूर हें नांव लाभलें. एम्प्रेस मिल काळाच्या ओघांत बंद पडली. तिच्यांत आधीं पडलेले पायंडे मात्र पुढें देशाचे कायदे झाले.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कांहीं जण पुढें अधिकारी होतील, कांहीं कारखानदार होतील. सर्वांसच जमशेटजींची संपत्ति लाभणार नाहीं. पण त्यांची दृष्टि लाभण्यास पैसा लागत नाहीं. शाळेची घंटा देणारा शिपाई, वर्ग झाडणारा गडी यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत काय? नसल्यास उद्यां विचारून घ्यावीं. श्रमाची कदर करण्याचा पहिला पाठ तेथूनच सुरू होतो, असें आम्हांस वाटतें.