पुरावा नव्हता, तरी शिकवत राहिले!

वयाच्या २४व्या वर्षी आपल्यातले बरेच जण पीजी करावं की एमपीएससीचा फॉर्म भरावा, यातच अडकलेले असतात. विष्णू वासुदेव नारळीकर त्या वयात बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले होते. गंमत म्हणजे पुढे ते राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षही झाले!

आपल्याला ओळखीचे ते जयंत नारळीकरांचे वडील म्हणून. जन्म १९०८ चा, कोल्हापूरचा. मुंबईत शिक्षण, मग केंब्रिज. तिथं एडिंग्टनसारखे शास्त्रज्ञ होते, पुढची वाटही मोकळी होती. पण मदनमोहन मालवीयांनी बोलावलं आणि ते १९३२ मध्ये बनारसला आले.

विषय निवडला आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत. गुरुत्वाकर्षणाच्याही लाटा असतात, हे आइन्स्टाइननं १९१६ मध्येच मांडलं होतं. पण त्या मोजायच्या कशा, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या लाटा ऊर्जा वाहून नेतात का, यावर पुढची चाळीसेक वर्षं वाद चालला. अशा विषयात विद्यार्थी घडवायचे म्हणजे धाडसच.

१९४२ मध्ये गुजरातचे तरुण प्रह्लाद चुनीलाल वैद्य त्यांच्याकडे आले. जेमतेम दहा महिने राहिले. प्रश्न असा होता: तारा प्रकाश देतो म्हणजे ऊर्जा गमावतो, मग त्याचं वस्तुमान आणि गुरुत्वाकर्षणही घटणार. ते गणितात कसं मांडायचं? वैद्यांनी १९४३ मध्ये उत्तर दिलं. आज जगभर ते 'वैद्य मेट्रिक' म्हणून शिकवतात.

प्रकाश आणि गुरुत्वीय लहरी यांच्यातला फरक इथंच कळतो. अगदी गोल तारा चहूकडे प्रकाश फेकतो, पण गुरुत्वीय लहर एकही सोडत नाही. त्यासाठी, उदाहरणार्थ, दोन जड वस्तू एकमेकींभोवती फिरत असाव्या लागतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यातून निघणाऱ्या लहरींची ताकद फक्त २०० वॅट. म्हणजे जुने दोन बल्ब! सूर्याचा प्रकाश मात्र ३८ वर २५ शून्यं, इतके वॅट.

कृष्णविवरं धडकली की हिशेबच उलटतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगोनं पकडलेल्या टकरीत तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींत गेलं. क्षणभर ती ताकद दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या प्रकाशापेक्षा जास्त होती. तरी इथं पोहोचेपर्यंत ४ किलोमीटरच्या यंत्रात फरक पडला प्रोटॉनच्या शंभराव्या भागाहून कमी. प्रकाशाला धूळही अडवते. या लहरी मात्र सगळ्यातून आरपार जातात, म्हणूनच त्या पकडणं इतकं अवघड.

हे पाहायला विष्णू नारळीकर नव्हते. १९९१ मध्ये ते गेले. आता तसंच यंत्र, लायगो-इंडिया, आपल्या मराठवाड्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. जयंतरावांनी उभी केलेली पुण्याची आयुका त्यात सहभागी आहे. निलंग्यातून औंढा काही बनारसइतकं लांब नाही. नारळीकर सरांकडे विद्यार्थी होते, यंत्र नव्हतं. आपल्याकडे यंत्र येतंय. विद्यार्थी?