चोथ्यातून निघालेली ठिणगी

माझ्या पिढीच्या वाचकांना गॅसबत्ती नक्की आठवत असेल. वरातीत डोक्यावर मिरवणारी, कीर्तनाच्या मांडवात खांबाला टांगलेली, पंप मारताच सूं सूं करीत पांढराशुभ्र उजेड टाकणारी. त्या उजेडाचे गुपित काचेआडच्या एका नाजूक जाळीदार पिशवीत असे. तिला आपण मँटल म्हणायचो. ते मँटल, सिगारेटच्या लायटरमधला इवलासा दगड आणि हल्ली गिर्यारोहकांच्या सामानात दिसणारी, ठिणग्या पाडणारी बोटभर काळी कांडी, या तिन्ही वस्तू एकाच माणसाच्या डोक्यातून निघाल्या. त्यांचे नाव कार्ल आउअर फॉन वेल्सबाख.

बँकेच्या नोकरीत मी अनेक उद्योजकांचे ताळेबंद वाचले. त्या सवयीमुळे असेल, पण वेल्सबाख यांच्या शोधांइतकाच त्यांचा जमाखर्चही मला खुणावतो.

त्यांचा जन्म १ सप्टेंबर १८५८चा, व्हिएन्नाचा. वडील आलोइस आउअर शाही सरकारी छापखान्याचे प्रमुख होते. १८६९ मध्ये ते वारले, तेव्हा कार्ल दहा वर्षांचे होते. पुढे हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेन यांच्या हाताखाली ते शिकले. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बर्नरमुळे आपल्याला ठाऊक असलेले तेच हे बुन्सेन. तिथे कार्ल यांना दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचा नाद लागला. ही मूलद्रव्ये एकमेकांना इतकी चिकटून असतात की ती वेगळी करायला शेकडो वेळा स्फटिक पाडावे लागत. जे डिडिमियम एकच मूलद्रव्य समजले जात होते, त्यातून १८८५ मध्ये त्यांनी दोन मूलद्रव्ये वेगळी केली: निओडिमियम आणि प्रॅसिओडिमियम.

याच क्षारांच्या द्रावणात सुती जाळी भिजवून त्यांनी ती ज्योतीवर धरली. सूत जळून गेले, मागे राहिलेला सांगाडा तेजाने उजळला. १८८७ मध्ये कारखाना निघाला. पण उजेड हिरवट, जाळी ठिसूळ, गिऱ्हाईक फिरकेना. १८८९ मध्ये कारखान्याला टाळे लागले.

त्या वर्षी त्यांचा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर? बंद पडलेला कारखाना, न खपलेला माल आणि पुन्हा त्याच जाळीसाठी भांडवलाची मागणी. बँकेच्या नियमात बसणारा शेरा एकच होता: नामंजूर. आणि दोनच वर्षांनी जगाने त्या शेऱ्याला हसून दाखवले असते. १८९१ मध्ये त्यांना नेमके प्रमाण सापडले. ९९ भाग थोरियमचे ऑक्साइड आणि अवघा १ भाग सेरियमचे. भाजीत चिमूटभर मीठ पडावे तसे सेरियम पडले आणि उजेड पांढरा झाला. शहरेच्या शहरे या मँटलने उजळली. १८९८ मध्ये तर त्यांनी ऑस्मियम धातूच्या तारेच्या विजेच्या दिव्याचे पेटंट घेतले. म्हणजे स्वतःच्या मँटलला स्वतःच स्पर्धक उभा केला!

खरी गोष्ट पुढेच आहे. थोरियम येई मोनाझाइट नावाच्या वाळूतून. आधी ब्राझीलची, नंतर आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्याचीही. त्या वाळूत थोरियम थोडे, सेरियम आणि त्याची भावंडे फार. उसाचा रस काढून चोथा फेकावा तसे हे उरलेले ढीग कारखान्यांबाहेर साचत होते. हिशेबाच्या भाषेत शून्य किमतीचा साठा. ऑस्ट्रियातल्या ट्रायबाख इथे वेल्सबाख यांनी त्या चोथ्यातून धातू काढला आणि त्यात लोखंड मिसळले. नुसता धातू मऊ होता, लोखंडाने तो कडक, ठिसूळ झाला. पोलादाने खरवडताच त्याचे कण उडून हवेतच पेटू लागले. १९०३ मध्ये या मिश्रधातूचे, फेरोसेरियमचे, पेटंट त्यांनी घेतले.

आपल्या आजोबांच्या चकमकीत दगड पोलादाचा कण उडवी. इथे दगडाच्या जागी असलेला धातूच जळतो. त्याची ठिणगी सुमारे ३००० अंश सेल्सियसपर्यंत तापते. (स्वयंपाकघरातला टकटक वाजणारा लायटर मात्र वेगळा, त्यात विजेची ठिणगी पडते.)

माझा भाचा सह्याद्रीत भटकतो. त्याच्याकडची कांडी मी नळाखाली धरली, पुसली आणि खरवडली. ठिणग्यांचा सडा पडला! काड्यापेटी इथे केव्हाच हरली असती. पण वर्तमानपत्राचा कागद काही पेटेना. व्हॅसलीन चोळलेला कापूस पिंजून ठेवला, तेव्हा कुठे ज्योत धरली. पूर-भूकंपासाठी घरात पिशवी भरून ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: कांडी ठिणगी देते, आग देत नाही. सोबत कोरडा कापूस हवा, नव्या कांडीवरचा काळा लेप आधी खरवडायला हवा, आणि घरी चार वेळा हात बसवायला हवा. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत ती गंजते, म्हणून डबी घट्ट लागणारी असावी. गॅस गळत असल्याचा संशय असेल तिथे आणि वाळल्या गवतात तिला हातही लावू नये.

१९०१ मध्ये सम्राटाने वेल्सबाख यांना सरदारकी दिली. मानचिन्हावर त्यांनी अधिक प्रकाश मागणारे दोन लॅटिन शब्द घेतले. ४ ऑगस्ट १९२९ रोजी त्यांचे निधन झाले. १९५६च्या मालिकेतल्या २० शिलिंगच्या नोटेवर ऑस्ट्रियाने त्यांचे चित्र छापले. २००२ मध्ये युरो आला आणि शिलिंग चलनातून गेले. मँटलही आता क्वचितच दिसते. टिकून राहिली ती चोथ्यातून निघालेली कांडी. वीज गेलेल्या, काड्या भिजलेल्या रात्री कुणाच्या तरी चुलीखाली ती अजूनही पहिली ठिणगी टाकते. आयुष्याच्या ताळेबंदात निकामी म्हणून खोडलेल्या रकमा एकदा पुन्हा तपासाव्यात, असे मला वाटू लागले आहे ते या कांडीमुळेच.