डॉ. पॉल ब्रँड : बालकांच्या पावलांपाशी

डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव निघाले की कुष्ठरोग्यांचे आखडलेले हात सरळ करणारे वेल्लोरचे मिशनरी सर्जन डोळ्यांसमोर उभे राहतात. ते योग्यच आहे. तथापि या कार्यास उपयोगी पडलेला एक धडा त्यांना तान्ह्या बालकांनी दिला होता, याची आठवण फारशी काढली जात नाही.

ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी तमिळनाडूतील कोल्ली डोंगरावर मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. नवव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांची रवानगी इंग्लंडला झाली, आणि १९२९ मध्ये वडील जेसी ब्रँड डोंगरावरच तापाने निवर्तले. मुलाने प्रथम सुतारकाम व गवंडीकाम शिकून घेतले. वैद्यकाकडे तो नंतर वळला. महायुद्धाच्या दिवसांत लंडनमध्ये त्यांचे शल्यशिक्षण झाले. तेथील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या बालरुग्णालयात डेनिस ब्राऊन या नामांकित सर्जनांच्या हाताखाली त्यांनी जन्मतः आत वळलेल्या पावलांचे उपचार पाहिले. हजार जन्मांमागे सुमारे एका बालकात आढळणारे हे व्यंग. तेव्हाची रीत अशी की, पाऊल जोर लावून सरळ करावयाचे आणि पट्ट्यांनी जखडून ठेवावयाचे.

१९४६ मध्ये ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाले. (अवघड दुखण्याच्या वेळी वेल्लोरचे नाव आमच्या म्हैसूरकडील बोगादीत जसे निघते, तसे महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरांतही निघते.) येथे त्यांच्यापुढे अशी मुले व मोठी माणसे आली की ज्यांच्या वाकड्या पावलांना कोणा वैद्याचा हात कधी लागलाच नव्हता. ती पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत. पण पाऊल हाती घेऊन चाचपावे, तर आतील मांस मऊ व लवचीक! लंडनमध्ये उपचार झालेली पावले दिसावयास सरळ, परंतु ताठर असत. जोराने आतील पेशीजाल फाटत होते व त्या जागी व्रणाची घट्ट गाठ बसत होती, हे ब्रँड यांच्या ध्यानी आले. उपचारानेच अपाय होत होता.

मग जोर लावावयाचा तरी किती? ब्रँड यांनी मातांना सांगितले, बाळाला उपाशी ठेवून घेऊन या. आईने बाळाला पदराखाली घ्यावे आणि ते दूध पीत असता डॉक्टरांनी पाऊल हळूहळू वळवीत न्यावे. त्यांची दृष्टी पावलापेक्षा बाळाच्या चेहऱ्यावर अधिक असे. बाळ पीत आहे तोवर ठीक. स्तन सोडून ते रडू लागले की मर्यादा ओलांडली. मग किंचित सैल सोडून तेथेच प्लास्टर घालावयाचे, व काही दिवसांनी ते काढून पुन्हा थोडे पुढे जावयाचे. भूल नाही, यंत्र नाही. पण निरीक्षण इतके काटेकोर की त्यास संशोधन म्हणण्यास माझी तरी हरकत नाही.

त्याच सुमारास अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. इग्नासिओ पोन्सेटी स्वतंत्रपणे सौम्य प्लास्टरांचीच वाट चोखाळीत होते, आणि आज जगभर मान्य झालेली पद्धत त्यांची आहे. ते श्रेय ब्रँड यांच्या पदरी घालण्याचे कारण नाही.

ब्रँड यांनी हा धडा दुसरीकडे नेला. १९४७ मध्ये डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना चिंगलपटचे कुष्ठधाम दाखविले. कुष्ठरोग्यांची बोटे व पावले रोगानेच झडतात, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. पुढे एकदा गंजलेले कुलूप ब्रँड यांच्याने उघडेना, तेव्हा एका कुष्ठरोगी मुलाने झटक्यात किल्ली फिरविली. त्याच्या बोटातून रक्त ठिबकू लागले. कातडी हाडापर्यंत कापली गेली होती आणि मुलाला त्याची वार्ताही नव्हती. दूध पिणारे बाळ ज्या क्षणी रडून थांबा म्हणे, तो क्षण या मुलाच्या वाट्यास येतच नव्हता. वेदना हरपल्यामुळे तो स्वतःच स्वतःवर बेसुमार जोर लावीत होता. बहुतेक जखमांचे मूळ येथे होते.

हातांवरील कंडरा-शस्त्रक्रियांची हकीकत सर्वश्रुत आहे. १९६० मध्ये त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले ते याच कार्याबद्दल. १९६६ मध्ये ते अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे उंदरांच्या तळपायांवर हलका दाब रोज हजारो वेळा देऊन त्यांनी पाहिले. एका वेळी निरुपद्रवी ठरणारा तो दाब विसाव्यावाचून पुनःपुन्हा दिला की सूज येई व पुढे जखम होई. मध्ये विसावा मिळाला, तर तोच तळवा जाड व कणखर होई. संवेदना गेलेल्या पावलांच्या जखमांवर ते प्लास्टरच घालीत, म्हणजे दाब सर्व तळव्यावर सारखा पसरे. श्रीलंकेत आधी वापरलेला हा उपाय कारव्हिलहून मधुमेहाच्या रोग्यांपर्यंत पोहोचला, व कित्येकांचे पाय कापावयाचे टळले.

इकडे कोल्ली डोंगरावर परतलेल्या त्यांच्या मातोश्री एव्हलिन वृद्धपणीही तट्टावर बसून गावोगाव फिरत राहिल्या. १९७४ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. ब्रँड १९८६ मध्ये सिॲटलला स्थायिक झाले आणि ८ जुलै २००३ रोजी तेथेच प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.