पाऱ्याचे बारा दिवस

बर्फाचे पाणी झाले ते भौतिक परिवर्तन, कागद जळाला ते रासायनिक, एवढे आमची मुले पाठ करतात व गुणही मिळवतात. हा भेद तराजूने तपासणारा माणूस कोण होता, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून या अंकात आम्ही आंत्वान लाव्हाझिए यांच्याविषयी लिहीत आहोत.

त्यांचा जन्म पॅरिसमध्ये २६ ऑगस्ट १७४३ रोजी झाला. घराणे वकिलांचे, म्हणून पदवी कायद्याची घेतली. मन मात्र विज्ञानात होते. त्या काळी पाणी फार दिवस उकळले की त्याची माती होते, असे पुष्कळ विद्वान मानत. लाव्हाझिए यांनी बंद काचपात्रात तब्बल १०१ दिवस पाणी तापवले. तळाशी गाळ दिसला, पण वजन करता पात्रच हलके झालेले आढळले. गाळ काचेचा होता; पाणी पाणीच राहिले होते.

त्यांचा पाऱ्याचा प्रयोग तर प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा असा आहे. चंबूत चार औंस पारा घेऊन मोजलेल्या बंदिस्त हवेत त्यांनी तो बारा दिवस तापवला. पहिल्या दिवशी पाऱ्याची वाफ होऊन तिचे थेंब काचेवर जमत व परत खाली पडत. दुसऱ्या दिवसापासून पाऱ्यावर लाल कण दिसू लागले. शेवटी पाहिले तर सुमारे सहावा हिस्सा हवा कमी झालेली, आणि उरलेल्या हवेत मेणबत्ती विझे. तीच लाल पूड वेगळी काढून अधिक तापवली तेव्हा पारा परत मिळाला, शिवाय एक वायू निघाला, ज्यात मेणबत्ती झगझगीत जळे. हाच ऑक्सिजन. (पाऱ्याची वाफ विषारी असते, तेव्हा हा प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत कोणीही करायचा नाही!)

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. भौतिक परिवर्तन उलटवता येते, रासायनिक नाही, असे मुले घोकतात. येथे तर दोन्ही वेळा पारा परत आला. पण थेंब हा पाराच होता. लाल पुडीत हवेतला वायू येऊन मिळाला होता, ती नवी वस्तू होती. खरी खूण ती.

हा वायू इंग्लंडचे प्रीस्टली यांनी आधीच, १७७४ मध्ये, मिळवला होता व पॅरिसला येऊन त्यांना सांगितलेही होते. ते श्रेय देण्यात लाव्हाझिए यांनी कंजूषी केली, असे आम्हाला वाटते.

पत्नी मारी-ॲन यांचा मात्र उल्लेख हवाच. लग्नाच्या वेळी त्या अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या. पुढे इंग्रजी शिकून त्यांनी पतीसाठी भाषांतरे केली, प्रयोगांच्या नोंदी ठेवल्या आणि १७८९ च्या ग्रंथातील उपकरणांची चित्रेही त्यांनीच काढली.

या खर्चिक प्रयोगांना पैसा येई तो राजासाठी कर वसूल करणाऱ्या कंपनीतील भागीदारीतून. जकात चुकू नये म्हणून पॅरिसभोवती भिंत बांधण्याची सूचनाही लाव्हाझिए यांचीच. लोकांचा राग साचत गेला. क्रांतीनंतर या भागीदारांवर खटला चालला आणि ८ मे १७९४ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांचा शिरच्छेद झाला. त्याच दिवशी मारी-ॲन यांचे वडीलही गेले. जप्त झालेले सामान त्यांना पुढे परत मिळाले, आणि पतीचे अपुरे राहिलेले लेखन त्यांनी छापून आणले. लाव्हाझिए यांची उपकरणे व तराजू आज पॅरिसच्या संग्रहालयात पाहता येतात.