कांदोळीचे धर्मगुरू आबे फारिया



जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घ्यायला आपल्यापैकी काही जण जाऊन आले आहेत. पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी एक पुतळा दिसतो. लांब झगा घातलेला एक धर्मगुरू दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलंडते आहे. पाहणाऱ्याला वाटावे, हा कोणी मांत्रिकच! रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली तेथे बसवला गेला. तो ज्यांचा आहे, त्या आबे फारिया यांनी मात्र शेवटपर्यंत हेच सांगितले, की आपल्या हातांत कसलीही जादू नाही.

त्यांचे चरित्र या रविवारी घेण्यास कारण आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्याने १९९३ चा भूकंप पाहिला, दुष्काळ पाहिले, कर्जापायी माणसे गमावली. ताप आला तर आपण दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठतो. पण झोप उडाली, जेवण जाईना, जगणेच नकोसे झाले, तर महिनोन् महिने घरात दडवून ठेवतो. बाहेरचे काही लागले असेल म्हणून उतारे करतो. डॉक्टरांचे नाव काढले तर चार लोक वेडा म्हणतील, ही भीती असते.

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देशातील कांदोळी गावी झाला. घर सुखाचे नव्हते. आईवडील विभक्त झाले. वडील कायतान व्हितोरीन पुढे धर्मगुरू झाले आणि आई रोझा मारिया जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात धर्मभगिनी झाली. १७७१ साली वडिलांनी पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन लिस्बनचे जहाज गाठले. पुढे मुलाचे शिक्षण रोममध्ये झाले. १७८० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि ईशज्ञानाची डॉक्टरेटही.

लिस्बनला परतल्यावर राणी मारिया पहिली हिच्यासमोर प्रवचन करण्याचा मान त्यांना मिळाला. गोव्यात ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगतात. तरुण फारिया व्यासपीठावर चढले, समोर राणी आणि सारा दरबार पाहिला आणि त्यांची वाचाच बसली. घाम फुटला, एक शब्द आठवेना. तेव्हा जवळच असलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत सांगितले, की समोर बसली आहे ती सगळी भाजी आहे, खुशाल काप! मुलाची भीती गेली आणि प्रवचन छान झाले. लॅटिन नाही, पोर्तुगीज नाही, घरच्या स्वयंपाकघरातली भाषा. एवढ्याशा शब्दांनी आपल्यात असे काय झाले, हा प्रश्न त्यांच्या मनात कायमचा राहिला, असे म्हणतात.

त्या राणीची पुढची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. १७८६ साली तिचा पती वारला, १७८८ साली थोरला मुलगा देवीच्या रोगाने गेला. दुःखाने तिचे मन खचत गेले आणि १७९२ साली ती राज्य करण्यास असमर्थ ठरली. इंग्लंडच्या राजावर उपचार करणाऱ्या डॉक्टर विलिस यांना बोलावले गेले, पण गुण आला नाही. १८१६ साली ब्राझीलमध्ये तिचा अंत झाला. जिच्यासमोर आपले फादर घाबरले, तिच्या मनात पुढे किती भीती साठली असेल!

१७८७ साली गोव्यात पिंटोंचा उठाव फसला. पोर्तुगीज सरकारचा संशय फारिया पितापुत्रांवरही होता. १७८८ साली फादर फारिया फ्रान्सला गेले ते कायमचे. तेथे राज्यक्रांतीच्या धामधुमीत ते सापडले, पुढे मार्सेय येथे तत्त्वज्ञान शिकवले आणि १८१३ साली पॅरिसमध्ये त्यांनी आपले प्रसिद्ध वर्ग सुरू केले.

त्या काळी मेस्मर नावाच्या डॉक्टरांचे मत गाजत होते. माणसाच्या अंगातून अदृश्य चुंबकीय प्रवाह वाहतो आणि तो दुसऱ्याच्या अंगात सोडून रोग बरा करता येतो, असे ते म्हणत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी नेमली, तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते. प्रवाह वगैरे काही नाही, सारा कल्पनेचा खेळ आहे, असा निष्कर्ष निघाला. फादर फारिया यांनाही प्रवाह मान्य नव्हता. मग कल्पनेने माणसाला खरोखर बरे कसे वाटते, हे शोधायला हवे, असे त्यांना वाटले. ते माणसाला खुर्चीत बसवत, डोळे मिटून मन एकाग्र करायला सांगत आणि झोपण्याची आज्ञा देत. हात फिरवणे नाही, लोहचुंबक नाही. ही झोप झोपणाऱ्याच्याच मनातून, त्याच्या विश्वासातून येते, ज्याची इच्छा नाही त्याला कोणी झोपवू शकत नाही, असे ते शिकवत. म्हणजे बरे होण्याची शक्ती दुखणेकऱ्यापाशीच असते, पण ती जागी करायला दुसऱ्याचा आवाज लागतो. त्यांची सगळी मते टिकली नाहीत. पातळ रक्ताच्या माणसांना ही झोप लवकर लागते, हे त्यांचे म्हणणे आज कोणी मानत नाही. मनाच्या गंभीर आजाराला औषधही लागते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण पुढे फ्रान्समधील नान्सीच्या डॉक्टरांनी शब्दांच्या साहाय्याने उपचार सुरू केले, तेव्हा फारिया यांचे म्हणणेच खरे ठरले.

तो दुसऱ्याचा आवाज आपल्याकडे कोठे मिळेल, तेही येथेच सांगतो. २०१५ साली राज्य सरकारने बळीराजा चेतना अभियान सुरू केले, तेव्हा यवतमाळबरोबर आपलाच जिल्हा निवडला होता. त्याच सुमारास आलेल्या प्रेरणा प्रकल्पात आशाताईंना शेतकरी कुटुंबांची विचारपूस करण्याचे काम दिले गेले. गावातल्या आशाताईंना विचारायला संकोच नको. २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री, केव्हाही मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. स्वतःला फोन करवत नसेल तर घरच्या कोणीतरी लावून द्यावा.

फादर फारिया यांना स्वतःला असा आधार मिळाला नाही. काही धर्मपंडितांनी त्यांच्यावर जादूटोण्याचा आरोप केला, विद्वानांनी भोंदू ठरवले. एका नटाने वर्गात येऊन झोपेचे सोंग केले आणि मग डोळे उघडून सर्वांसमोर त्यांचे हसे केले. १८१६ साली त्यांच्यावर रचलेले प्रहसन पॅरिसच्या रंगभूमीवर गाजले. वर्ग ओस पडले. कोकणीत धीर देणारे वडील आता जवळ नव्हते. एका मठात धर्मभगिनींसाठी मिस्सा अर्पण करीत, एका खोलीत बसून ते आपला ग्रंथ लिहीत राहिले. चार खंडांचा संकल्प होता. पहिला खंड १८१९ साली छापला गेला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला ते ख्रिस्तवासी झाले. पॅरिसमध्ये त्यांच्या कबरीवर नावही लागले नाही. पुढे गोव्यात मनोरुग्णांचे इस्पितळ निघाले, त्याला मात्र आबे फारिया यांचे नाव दिले गेले.