बाबासाहेबांच्या मजूर पक्षाचे शामराव परुळेकर

जयंतीला आपण विहारात परमपूज्य बाबासाहेबांचं चवदार तळं सांगतो, राज्यघटना सांगतो. पण १९३६ साली त्यांनी काढलेला स्वतंत्र मजूर पक्ष फारसं कोणी सांगत नाही. त्याच पक्षाच्या एका आमदाराने पुढे आपल्या या डहाणू-तलासरी-पालघर पट्ट्यात आयुष्य वेचलं, हे तर आपल्या पोरांना ठाऊकच नाही.

ते आमदार म्हणजे शामराव परुळेकर. जन्म १९०२ चा. ते अस्पृश्य समाजातले नव्हते. भारत सेवक समाजात राहून ते कामगारांचं काम करीत. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या पक्षातर्फे रत्नागिरीतून निवडून आले.

बोईसरला एम.आय.डी.सी.च्या नोकरीसाठी आलेली आपली कितीतरी घरं मूळची रत्नागिरीची. त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना खोत म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कूळ शेत कसणार, खोत वाटा नेणार, वर वेठही घेणार. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचं बिल कायदेमंडळात मांडलं. त्याच्या पाठीशी १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून गेले. हा मोर्चा उभा करणाऱ्यांत शामराव होते. त्याच वर्षी ते कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेलाही जाऊन आले. ७ नोव्हेंबर १९३८ ला संपावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला. त्यात मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले.

पुढे १९३९ च्या सुमारास शामराव कम्युनिस्ट पक्षात गेले. आपल्यातल्या काही जुन्या मंडळींना हे अजून रुचत नाही, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. बाबासाहेबांचं कम्युनिस्टांशी पटलं नाही, हे उघड आहे. पण म्हणून त्यांच्याबरोबर खोतीशी लढलेल्या माणसाचं नावच पुसून टाकायचं, हे काही मला पटत नाही.

कारण खोती जे कोकणात करत होती, तेच इथे सावकार-जमीनदार वारल्यांना करत होते. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही मालकाचे लग्नगडी. ते कर्ज काही फिटत नसे. शामराव आणि त्यांच्या पत्नी गोदावरीबाई पाड्यापाड्यांतून पायी फिरले. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठबिगार करायची नाही, असं ठरवून उठले. ऑक्टोबरात गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मागून. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं. पण वेठ काही परत आली नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ साली ठाण्याने शामरावांना लोकसभेत पाठवलं. पुढे ते पुन्हा स्थानबद्ध झाले आणि ३ ऑगस्ट १९६५ ला आर्थर रोड तुरुंगातच वारले. बाबासाहेबांनी बिल मांडलं ती खोती १९४९ च्या कायद्याने गेली होती. ते मात्र त्यांना पाहायला मिळालं.