बेळगावच्या सायकल दुकानातून किर्लोस्करवाडीपर्यंत

वाळपई, प्रतिनिधी :

पावसाळा सरला की सत्तरीतल्या बागायतदाराला कुळागराच्या पाण्याची चिंता लागते. मग पंपाची गोष्ट निघते, आणि पंप म्हटलं की अजूनही पहिलं नाव तोंडात येतं ते किर्लोस्कर. हे नाव पुण्याचं असं बहुतेकांना वाटतं. पण त्याची सुरुवात झाली वाळपईहून चोर्ला घाट चढून गेलं की जे शहर लागतं, त्या बेळगावात. आणि बेळगावनेच तो कारखाना हातचा घालवला.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे, याच घराण्यातले. लक्ष्मणरावांचा ओढा दोन गोष्टींकडे, चित्रं आणि यंत्रं. वडिलांना दोन्ही पसंत नव्हतं. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, पैसे दिले, आणि 1885 साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होण्याचा विषय संपला. मग त्यांनी यंत्रांचं रेखाटन शिकून घेतलं आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी धरली.

नोकरी चालू असतानाच 1888 साली दोघा भावांनी सायकलींचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकल पाठवायचे, रामूअण्णा बेळगावात ती विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. त्या काळात सायकल ही श्रीमंतांची चैन होती, शिकवल्याशिवाय कोण घेणार? किर्लोस्कर बंधू ही कंपनी आपलं वय आजही याच सालापासून मोजते.

इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि थेट बेळगाव गाठलं. सायकलींबरोबर आता लहानसं वर्कशॉप आलं. पहिला माल निघाला तो कडबा कापायच्या यंत्राचा. दुष्काळी भागात कडब्याची काडी-काडी मोलाची, अख्खा कडबा टाकला तर जनावर निम्मा पायाखाली तुडवतं. कापून दिला तर वाया जात नाही. शेतकऱ्याच्या गोठ्यात उभं राहून पाहिल्याशिवाय असलं यंत्र सुचत नाही.

त्यानंतर लोखंडी नांगर. इथे मात्र कसोटी लागली. लोखंड घातलं की जमीन विषारी होते, अशी समजूत गावोगाव पक्की होती. सुरुवातीचे नांगर तयार झाले खरे, पण ते खपायला दोन वर्षं गेली. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर दोन वर्षं भांडवल मालात अडकून पडलं, आणि पगार मात्र दर महिन्याला द्यायचा. सगळा दोष शेतकऱ्यांच्या भीतीवर टाकण्यात अर्थ नाही. परदेशी नांगराच्या तुलनेत या नांगराचा फाळ लवकर झिजत होता, आणि शेतकऱ्याला ते बरोबर कळत होतं. लक्ष्मणरावांनी तक्रार ऐकली, फाळ सुधारला, मग गिऱ्हाईक वळलं.

धंदा जरा रांगेला लागतो न लागतो तोच बेळगाव नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितलं. शहराबाहेर नवी वसाहत वसवायची होती, त्यात कारखान्याची जमीन येत होती. भट्टी, यंत्रं, कारागीर आणि अर्धवट माल घेऊन जायचं कुठे? नगरपालिकेच्या बाजूने कागद बरोबर असतीलही. पण कारखाना म्हणजे टपरी नव्हे, आज इथून उचलली आणि उद्या तिथे मांडली. पुढे बेळगावात किर्लोस्कर रोड झाला. कारखाना परत आला नाही.

त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंध संस्थानात एका मंडपाच्या बांधकामाचं काम होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, कलेची आणि धंद्याची कदर असलेले. पुढे काचेच्या ओगल्यांनाही याच संस्थानात आधार मिळाला. लक्ष्मणरावांची अडचण कळल्यावर राजेसाहेबांनी बिनव्याजी दहा हजार रुपये दिले आणि संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितली. लक्ष्मणरावांनी निवडली कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची 32 एकर माळजमीन. निवडुंग, साप आणि पाण्याची टंचाई. पण दारात रेल्वे होती, म्हणजे कच्चा माल येणार आणि नांगर जाणार. मार्च 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली.

सोबत कोण आले हे पाहण्यासारखं आहे. रामूअण्णा होतेच. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुळकर्णी, अनंतराव फळणीकर. यांतल्या काहींच्या हाताला धड शिक्षण किंवा यश लागलेलं नव्हतं. कुळकर्णी शेतीत अपयशी ठरलेले, फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. एक व्यवस्थापक झाला, दुसरा यंत्रं जुळवणारा. रात्रीच्या पहाऱ्याला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग होते, एके काळचे दरोडेखोर. वाडीत शिवाशीव पाळायची नाही हा लक्ष्मणरावांचा नियम होता, आणि 1910 साली एका ब्राह्मण मालकाने तो अमलात आणणं सोपं नव्हतं. आजचे एचआरवाले उमेदवाराचे मार्क आधी बघतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पहिल्या महायुद्धात लोखंड, कोळसा, रंग यांची आयात अडली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. मागणी वाढत गेली. 1920 साली घरच्या भागीदारीची लिमिटेड कंपनी झाली, म्हणजे बाहेरच्यांचं भांडवल घेता येऊ लागलं. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी मालाच्या जाहिरातीसाठी किर्लोस्कर खबर काढलं. त्यातून किर्लोस्कर मासिक झालं, मागोमाग स्त्री आणि मनोहर. नांगराच्या कंपनीतून निघालेली ही मासिकं मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली.

मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून 1926 मध्ये परतला आणि धंद्याने वेग घेतला. नांगर, चरक, शेंगा फोडायची यंत्रं यांच्या जोडीला पंप आले. 1941 मध्ये तुंगभद्रेच्या काठी हरिहरला लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर निघाली. 1946 मध्ये पुण्यात डिझेल इंजिनं आणि बंगळूरला विजेच्या मोटारी. आज नकाशा काढला तर जन्मगाव कर्नाटकात, वाडी महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यात, हरिहर आणि बंगळूर पुन्हा कर्नाटकात. राज्यांच्या रेषा नंतर पडल्या, यंत्रं आधीच दोन्हीकडे चालू होती.

सगळं चढतंच गेलं असंही नाही. जानेवारी 1948 मध्ये गांधीजींची हत्या झाली. पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं पेटली, आणि जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळला. ज्या माळावर शिवाशीवीला जागा दिली नव्हती, तिथे जातीच्या रागाने आग लागली. लक्ष्मणराव तेव्हा 78 वर्षांचे होते. राख बाजूला करून कारखाना पुन्हा चालू झाला.

26 सप्टेंबर 1956 रोजी ते गेले. पुढच्या पिढ्यांत कंपन्या वेगवेगळ्या झाल्या, घरातले वाद कोर्टापर्यंत पोचले. 1969 साली, जन्मशताब्दीच्या दिवशी, टपाल खात्याने लक्ष्मणरावांचं तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनच्या पाटीवर तर त्याच्या कितीतरी आधी किर्लोस्करवाडी हे नाव लागलं होतं.